अकरावं प्रकरण टाइप झालं नाही

सोमवारी सकाळी मेल उघडला. फाइल आली होती, पण पुस्तक पूर्ण नव्हतं. दहा प्रकरणं जोडलेली आणि खाली दोन ओळी: "अकरावं प्रकरण मी टाइप करणार नाही. वह्या कुरियरने परत पाठवते आहे. हर्षाली म्हात्रे."

सत्तावीस वर्षं मी ठाण्यातल्या एका छोट्या प्रकाशनात संपादक आहे. लेखकांचे रुसवे काढलेत, मुखपृष्ठावरून जुंपलेली भांडणं सोडवलीत. एका कवीच्या बायकोने तर ऑफिसात येऊन कविता परत नेल्या होत्या. पण टाइप करणारीने प्रकरण नाकारलं, असं कधी झालं नव्हतं.

आमचे निम्मे लेखक आजही वहीत हाताने लिहितात. ते टाइप करून कॉम्प्युटरवर आणायचं, याला आमच्या धंद्यात अक्षरजुळणी म्हणतात. हर्षाली नऊ वर्षं हे काम ठाकुर्लीला घरी बसून करत होती. आम्ही कधी भेटलो नव्हतो. ती फोन उचलत नसे, मेलला मात्र तासाभरात उत्तर. त्यात नमस्कार नाही, कशा आहात नाही, थेट मुद्दा. ऑफिसात आम्ही तिला शिष्ट म्हणायचो. खरं सांगायचं तर मीच म्हणायचे. पण लेखकाच्या मजकुरावर नऊ वर्षांत तिने चकार शब्द काढला नव्हता.

आमचा मालक निखिल. त्याच्या वडिलांच्या वेळेपासून मी इथे आहे, त्याला हाफपँटमध्ये पाहिलेला.

"मॅडम, सिंपल आहे," तो म्हणाला. "दुसऱ्याला द्या. बारा पानं आहेत, संध्याकाळपर्यंत होतील."

"अरे, कारण तरी विचारू दे."

"कारण काय विचारायचंय? प्रकाशनाला कल्याणचा हॉल बुक केलाय. सरांचे जुने विद्यार्थी येतायत. पत्रिका छापून आल्यात!"

सर म्हणजे कारखानीस सर. कल्याणच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, माजिवड्याला मुलाकडे राहतात. ही त्यांची पहिलीच कादंबरी. तिचा नायक सोहम हा ऑटिस्टिक मुलगा. म्हणजे आवाज, स्पर्श, माणसांचे चेहरे हे सगळं ज्याच्यापर्यंत आपल्यापेक्षा वेगळ्या रीतीने पोहोचतं, असा. वह्या देताना सर मला म्हणाले होते, "माझ्या वर्गात होता असा एक. विनायक नाव. बोलताना डोळ्याला डोळा द्यायचा नाही. मला वाटलं, उर्मट आहे. भर वर्गात मुस्कटात मारली. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही." मग म्हणाले, "तेव्हा हे ऑटिझम वगैरे कोणाला ठाऊक होतं? पण हात तर माझाच होता ना." ते ओझं उतरवायला त्यांनी कादंबरी लिहिली होती.

शेवटच्या, अकराव्या प्रकरणात मोठा झालेला सोहम शाळेच्या समारंभात, लहानपणी आपल्याला मारणाऱ्या म्हाताऱ्या सरांना ओळखतो, धावत स्टेजवर येतो आणि त्यांना मिठी मारतो. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवतो. वाचताना मी ढसाढसा रडले होते आणि रडत रडतच वहीवर लाल पेनाने "फायनल" लिहिलं होतं.

आणि मी काही आंधळेपणाने पास केलं नव्हतं. आमच्याकडे "बाहेरचं वाचन" नावाची एक पद्धत आहे. ज्या विषयावर पुस्तक, त्यातल्या जाणकाराला छापण्याआधी ते वाचायला द्यायचं. कोर्टावरची कादंबरी वकिलाला देतो. खाडीवरची एक कादंबरी कोळीवाड्यातल्या मावशींना वाचून दाखवली, तर त्यांनी दुसऱ्याच पानावर थांबवलं. लेखकाने पौर्णिमेला भरलेल्या चिंबोऱ्या रांधल्या होत्या. "चिंबोरी अवसेला भरते गो, पुनवेला पोकल!" लेखकाला अख्खं जेवण बदलावं लागलं. या पद्धतीचा मला फार अभिमान. सरांची कादंबरीसुद्धा मी तिघांना दिली होती. एक बालरोगतज्ज्ञ, एक खास मुलांच्या शाळेतल्या शिक्षिका आणि एका ऑटिस्टिक मुलाची आई. तिघांनाही आवडली.

तेव्हा आता ही टाइप करणारी कोण लागून गेली, अशा तावातच मी मंगळवारी ठाकुर्लीला जाऊन थडकले. दार तिच्या आईने उघडलं.

"हर्षू कामान हाय," त्या म्हणाल्या. "तुमी कलवलेलं का?"

"नाही, म्हटलं जाता जाता भेटावं."

त्यांचा चेहरा पडला. आत जाऊन आल्या. "अकराला येते बोलली. बसा, च्या टाकते."

सव्वादहा झाले होते. संपादकाला पाऊण तास बसवून ठेवणारी टाइपिस्ट मी जन्मात पाहिली नव्हती. चहा पिता पिता मनातल्या मनात तिचं काम काढून दुसऱ्याला देऊनही टाकलं.

बरोबर अकराला ती आली. गळ्यात हेडफोन. माझ्यासमोर न बसता खिडकीजवळच्या खुर्चीत, जरा तिरकी बसली.

"न कळवता आलात," ती म्हणाली. "मला तयारी लागते. पुढच्या वेळी मेल करा."

"अगं, काम अडलंय म्हणून आले."

"मेलवर विचारलं असतंत तर मेलवर सांगितलं असतं."

खरं होतं, म्हणूनच माझा पारा चढला. "बरं, आता सांग. काय खटकलं तुला?"

"सदतिसावं पान. आत्या सोहमला जवळ घेते आणि त्याला अंगावर कढत पाणी पडल्यासारखं होतं. सरांनी बरोबर लिहिलंय. अकराव्या प्रकरणात तो भरलेल्या हॉलमध्ये, टाळ्या वाजत असताना, आपणहून मिठी मारतो. मधे काय झालं?"

"मधे वर्षं गेली. मोठा झाला तो. बदलला."

"मी चौतीस वर्षांची आहे. मी नाही बदलले." ती खिडकीच्या गजांकडे बघत बोलत होती. "मी ऑटिस्टिक आहे. एकोणतिसाव्या वर्षी कळलं. स्वमग्न म्हणू नका, मला तो शब्द आवडत नाही. मी स्वतःत मग्न नसते, कामात असते."

स्वयंपाकघरातून आई खुदकन हसल्या. अशा वेळी माणूस जे बोलू नये तेच बोलतो. म्हटलं, "तरीच तुझं काम इतकं अचूक असतं!"

"माझ्या चुका होतात. म्हणून मी तीनदा तपासते. तुम्ही तीनदा तपासलंत तर तुमचंही तसंच येईल."

नऊ वर्षांत माझ्या हातून सुटलेल्या चुका तिनेच निस्तरल्या असणार. मी मुकाट्याने पुढे विचारलं, "म्हणजे ऑटिस्टिक माणसांना मिठी चालत नाही, असं आहे का?"

"असं नाही. आमच्या ग्रूपमध्ये एक जण आहे, त्याला घट्ट मिठी लागते, रोज. मी सगळ्यांचं सांगू शकत नाही. सोहमचं सांगते." मग ती हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळू लागली. "दहा प्रकरणं मी त्याच्याबरोबर होते. मला तो आवडतो. शेवटी बाकीच्या सगळ्यांना बरं वाटावं म्हणून त्याला ते सोसायला लावलंय. मी माझ्या हाताने ते टाइप नाही करणार."

हा हट्ट नव्हता, शिष्टपणा तर नव्हताच. एका कागदावरच्या मुलासाठी तिचा जीव तुटत होता. उठून तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि सुदैवाने वेळीच लक्षात आलं. मी पर्स पोटाशी धरून बसून राहिले.

परतताना डोक्यात एकच गोष्ट. डॉक्टर, शिक्षिका, आई. ऑटिस्टिक मुलांना तपासणारे, शिकवणारे, वाढवणारे लोक शोधून काढले आणि खुद्द ऑटिस्टिक माणूस एकही नाही. ते मला सुचलंसुद्धा नाही. म्हणजे चिंबोऱ्यांचं आम्ही कोळणीला विचारलं आणि सोहमचं मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना. आणि जिला विचारायचं, ती नऊ वर्षं माझ्याच मेलमध्ये होती.

संध्याकाळी सरांना फोन केला. सगळं ऐकून ते कडाडले, "टाइप करणारी पोर मला शेवट शिकवणार? मी रात्र रात्र जागून लिहिलाय तो!" आणि फोन आपटला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाकडून त्याची माफी काढून घेणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. दुखणं सरांचंही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांचाच फोन. "माझ्याकडच्या झेरॉक्समधलं सदतिसावं पान काढून वाचलं," ते म्हणाले. "मुलगी म्हणते ते बरोबर आहे. भेटेल का ती?"

मी मेल केला. या वेळी मेलच केला. उत्तर आलं: शनिवारी अकरा वाजता ऑफिसला येईन, ट्यूबलाइट बंद ठेवा, तिघांपेक्षा जास्त माणसं नकोत, प्रश्न आधी पाठवा. हे ऐकून सर हसले. "पेपर आधीच फोडायचा म्हणते!" पण सहा प्रश्न त्यांनी रेघा मारलेल्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून पाठवले.

शनिवारी ती वेळेवर आली. सर उठून उभे राहिले. "ये बाळ, बस."

"हर्षाली म्हणा. मी चौतीस वर्षांची आहे."

"बरोबर आहे. बसा, हर्षाली."

तिने उत्तरं लिहून आणली होती. एकेक वाचत गेली. वर्गातला गोंगाट सोहमला कसा ऐकू येईल, डोळ्यांत बघायला लावलं की समोरच्याचं बोलणं तिला कसं ऐकूच येत नाही. सर खाली मान घालून उतरवून घेत होते. सहावा प्रश्न कादंबरीतला नव्हता. सरांनी लिहिलं होतं, "त्या मुलाने मला माफ केलं असेल का?"

"याचं उत्तर मला येत नाही," हर्षाली म्हणाली. "तो मी नाही. पण मी फाइलमध्ये शोधलं."

एखादा शब्द पुस्तकात किती वेळा आलाय, हे कॉम्प्युटर क्षणात दाखवतो. तिने लॅपटॉप उघडला.

"'माफ' नऊ वेळा आहे. अकरावं प्रकरण मी वहीच्या फोटोंत मोजलं. नऊही वेळा सोहम माफ करतो, किंवा करेल का असं सरांना वाटतं. 'चुकलं' चार वेळा आहे. चारही वेळा सोहमचं गणित चुकलंय. सर त्याला एकदाही 'माझं चुकलं' म्हणत नाहीत." तिने लॅपटॉप मिटला. "माफी मागितलीच नाही, तर तो देणार कशी?"

मी काहीतरी सावरून घ्यायला तोंड उघडलं, तर सरांनी हातानेच थांबवलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सहा वह्या भरल्या मी," ते म्हणाले. "आणि हेच राहिलं."

"अजून छापलेलं नाही," हर्षाली म्हणाली. "वेळ आहे."

सर रडू लागले. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाण्याचा ग्लास सरकवून त्यांच्या हाताजवळ ठेवला आणि ते शांत होईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. मी असते तर पाठीवर थोपटून, "असू द्या हो सर" म्हणून त्यांना गप्प केलं असतं. तिने त्यांना पोटभर रडू दिलं.

प्रकाशन दोन महिने पुढे गेलं. पत्रिका रद्दीत. निखिल माझ्याशी आठवडाभर कामापुरतं बोलला. सरांनी नवं अकरावं प्रकरण लिहिलं. त्यात म्हातारे सर सोहमच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात जातात, काउंटरच्या अलीकडे उभे राहतात आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणतात, "त्या दिवशी माझं चुकलं. तुझं काही नव्हतं." सोहम हातातल्या घड्याळातून नजर न काढता म्हणतो, "हो." आणि काम करत राहतो.

"एवढंच?" निखिल म्हणाला. "मॅडम, लोक रडणार कुठे?"

"नाही रडले तर नाही रडले."

प्रकरण हर्षालीने त्याच दिवशी टाइप करून पाठवलं. मला तिचे खास आभार छापायचे होते, "मार्गदर्शन" वगैरे. तिचं उत्तर आलं: "माझं नाव अक्षरजुळणीत घाला. पुढचं पुस्तक बाहेरच्या वाचनाला द्यायचं असेल तर ते वेगळं काम आहे. तसं सांगा." मी तसं सांगितलं. या वर्षी तिने दोन पुस्तकं वाचली. एक बरंचसं बदललं, दुसरं लेखकाने परत नेलं.

सरांची कादंबरी छपाईला जायच्या आदल्या दिवशी सरांनी अर्पणपत्रिका पाठवली. प्रकाशनाला कल्याणच्या हॉलमध्ये ते बोलायला उभे राहिले आणि भाषण न करता तेवढी एक ओळ वाचली. "विनायक, त्या दिवशी माझं चुकलं." समोर बसलेल्यांतले कितीतरी जण त्या दिवशी वर्गात होते. कोणी टाळी वाजवली नाही.

नंतर पन्नाशीचे एक गृहस्थ सरांपाशी आले. "सर, विनायक डोंबिवलीत असतो. नंबर देऊ? नाहीतर चला, आत्ता गाडीने सोडतो तुम्हाला."

सरांचा हात खिशातल्या फोनकडे गेला आणि परत आला. "नको," ते म्हणाले. "पत्ता दे. पत्र टाकतो. भेटायचं की नाही ते त्याला ठरवू दे."

पत्र गेलं. उत्तर आलेलं नाही. येईलच असं नाही, हे सरांना आता ठाऊक आहे. तरी ते पोस्टमनची वेळ सांभाळून घरी थांबतात, असं त्यांची सून सांगत होती.

माझ्यापुरतं म्हणाल तर फार मोठं काही शिकले नाही. बाहेरच्या वाचनाची यादी करताना डॉक्टर, शिक्षक, आईवडील यांची नावं अजूनही घालते. फक्त आता ती दुसऱ्या ओळीपासून सुरू होतात.