मामाचं मिसिंग

जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ प्लगमध्ये असतं असं मानणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच होता, आणि तो नेमका माझा सख्खा मामा निघाला. प्लगची ठिणगी पडली नाही आणि गाडीच्या चार सिलिंडरपैकी एखादा पेटेनासा झाला की इंजिन अडखळत, धडधडत चालतं. गॅरेजवाले त्याला 'मिसिंग' म्हणतात. मामा सरकारी कचेरीत कारकून होता, पण कान त्याचे मिस्त्रीचे. सिग्नलला शेजारच्या अनोळखी माणसाची काच ठोठावून तो सांगायचा, "मिसिंग मारतेय हो, दुसरा प्लग बघा." साहेब बोलताना अडखळले तर आम्हाला म्हणायचा, "एक सिलिंडर बंद आहे त्यांचा." देवळाली कॅम्पात एकदा त्यानं मिलिटरीचा ट्रक थांबवला. सुभेदारानं हसत हसत समजावलं की ही डिझेलची गाडी, हिला प्लगच नसतात. मामा म्हणाला, "तरीच! उगाच का बिचारी खोकते!"

त्याची स्वतःची गाडी पांढरी, सेकंडहँड आणि कायम अर्धी उघडलेली. दर रविवारी गच्चीवर मामीचे पापड आणि मामाचे रॉकेलनं धुतलेले प्लग शेजारी शेजारी उन्हात पडलेले असत. एका रविवारी मामीनं पापडाला रॉकेलचा वास येतो म्हणून सगळे फेकून दिले, तर मामानं दोन दिवस अबोला धरला. पापड फेकल्याचा राग नव्हता, त्यांच्याबरोबर एक प्लगही गेला होता.

वैशालीचं, म्हणजे त्याच्या एकुलत्या एक मुलीचं, लग्न निफाडला ठरलं तेव्हा मामानं व्याह्यांना एकच अट घातली होती. मुलगी सासरी जाईल ती माझ्याच गाडीतून. लग्न गंगापूर रोडच्या कार्यालयात छान लागलं, जेवणं झाली, आणि पाठवणीच्या वेळेला गाडी सुरू केली तर ती धडधडायला लागली. मामाचा चेहरा पार उतरला. मामी घाबरून व्याह्यांना म्हणाली, "गाडी मिसिंग आहे हो!"

"चोरीला गेली?" व्याही ओरडले. "आवं, ही काय उभी हाय!" मग प्रकार समजल्यावर ते म्हणाले, "जाऊ द्या ना, आमची जीप हाय. लेक काय, अन् जीप काय, दोन्ही आता एकाच घरच्या."

 फेटा सांभाळत मामा बॉनेटखाली शिरला. वैशाली शालूसकट स्टिअरिंगवर बसून रेस देऊ लागली. मामा एकेका प्लगची वायर काढून इंजिनाचा आवाज ऐकत होता. जी काढल्यावर आवाज बदलत नाही, तो सिलिंडर बंद. पण कधी दुसरा बंद, कधी चौथा! इकडे जीपच्या ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. शेवटी मामानं जिथून या वायरी निघतात ते झाकण उघडलं. आत चक्क पाणी!

मामी हळूच म्हणाली, "अहो, बॉनेटवरची फुलं कोमेजत होती. मळ्यातून मुद्दाम आणलेली. म्हणून मी जरासं शिंपडलं."

"जरासं?"

"बादलीभर."

मामानं फेट्याचा शेमला ओढून झाकण कोरडं केलं. गाडी अशी काही चालू झाली की वाजंत्रीवाल्यांनी पुन्हा सनई धरली. व्याह्यांनी स्वतः जीप बाजूला घेतली.

मी पुढे बसलो, नवरानवरी मागे. निफाडची वेस दिसायला लागली तशी मामानं द्राक्षांच्या एका बागेशी गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं आणि उतरून बॉनेट उघडलं. मीही उतरलो. चारही सिलिंडर सुरेख चालत होते, हे माझ्यासारख्या अडाण्यालाही ऐकू येत होतं. मामा आत वाकला होता आणि त्याचे खांदे हलत होते.  वैशाली उतरली, त्याच्या शेजारी जाऊन तीही बॉनेटखाली वाकली.

जावईबापूंनी काचेतून डोकं बाहेर काढून मला विचारलं, "पुन्हा मिसिंग का?"

"हो," मी म्हणालो. "तुम्ही बसा. थोडा वेळ लागेल त्यांना."