कागदाची मागची बाजू

...तर म्हशीनं फेटा धरला, इथवर आलो होतो काल. पिशोर गावातलं लग्न, माझ्या मामाची म्हैस आणि नवरदेवाचा गुलाबी फेटा. निम्मा फेटा म्हशीच्या तोंडात, निम्मा नवरदेवाच्या डोक्यावर, आणि दोघंही सोडायला तयार नाहीत! ही गोष्ट मी शंभरदा तरी सांगितली असेल. पण ती खरी रंगली एस.टी.त, खुलताबादच्या घाटात, सांडू शेजारी बसला होता तेव्हा. आज म्हशीला बाजूला बांधतो आणि सांडूचं सांगतो.

सांडू आमच्या देवगाव रंगारीचा, माझ्याच वयाचा. बाप साप चावून गेलेला, आई दगडाबाई लोकांच्या रानात खुरपायला जायची. मी शाळा चौथीपर्यंत रेटली, सांडू दुसरीतच उठला. अक्षरं दिसली की त्याला दरदरून घाम फुटायचा. गुरुजींनी छडी उगारली की स्वतःच भिंतीवर डोकं आपटून घ्यायचा. बोलणं नाही, हसणं तर नाहीच. गाव त्याला खुळा म्हणायचं.

तो खुळा नव्हता, हे एकट्या हबीबचाचांना कळलं. चाचा कापड रंगवायचे. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत त्यांचा तरणा मुलगा करीम घरातून निघाला, तो परत आलाच नाही. बापलेक रोज संध्याकाळी ओट्यावर बुद्धिबळ खेळायचे. पट कापडाचा, चाचांनी करीमसाठी स्वतः रंगवलेला. करीम गेल्यावरही चाचा तो रोज मांडायचे आणि एकटेच बघत बसायचे. एक दिवस सहा वर्षांचा सांडू जाऊन समोर बसला आणि त्यानं प्यादं सरकवलं. चाचांनी हाकललं नाही.

दहाव्या वर्षी सांडू चाचांना हरवायला लागला. बाराव्या वर्षी पटाकडं पाठ करून हरवायला लागला. पण स्वतः हरला की तीन-तीन दिवस अन्नाला शिवायचा नाही. दगडाबाई चाचांच्या दारात येऊन भांडायची.

"भाईजान, माझं लेकरू वाया घातलं तुम्ही!"

"वाया नाय बाई, हिरा हाये. कुणी शहरात नेलं पाहिजे."

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात तो योग आला. औरंगाबादेत पोरांचे बुद्धिबळाचे सामने ठरले. जो जिंकेल त्याला पुण्याला नेऊन शिकवणार, राहायची सोय एका प्राध्यापकांच्या घरी. दगडाबाई म्हणाली, "जिंकला तर जाय. हरला तर त्यो पट चुलीत, अन् तू माझ्यासंगं रानात." सांडूनं नुसती मान हलवली.

सामनेवाल्यांनी नियमांचा कागद पाठवला होता, दोन्ही बाजूंनी छापलेला. सांडूला वाचता येईना आणि चाचांना उर्दूशिवाय लिपी नाही. म्हणून मला बरोबर घेतलं. चाचा म्हणाले, "रामकिसन, गाडीत समदा वाचून दाखव. अपना खेल पुराना है, तिकडचे कायदे येगळे."

वाचला की. पुढची बाजू. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं, हे ते. ऐकता ऐकता सांडू घामानं भिजला, नखं खायला लागला. मला वाटलं, जरा हसवावं. कागद दुमडून खिशात घातला आणि म्हैस सोडली. फेट्यापाशी आलो आणि सांडू हसला! दात दिसेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला हसताना बघितलं. पुढच्या बाकावरून चाचांनी वळून पाहिलं, त्यांचेही डोळे भरले. मग मी कसला थांबतोय? म्हशीमागून बोकड, बोकडामागून मामी. औरंगाबाद आलं तरी माझं चालूच.

सांडू शेवटच्या डावापर्यंत पोचला. समोरच्या पोराकडं उरला राजा आणि एकच प्यादं, घोड्याच्या रांगेतलं, शेवटच्या घरापासून एक पाऊल. सांडूच्या हत्तीला ते सहज मारता येत होतं. त्यानं मारलं नाही. आमच्या जुन्या खेळात समोरचा राजा एकटा पडला की डाव बरोबरीत सुटायचा, म्हणून त्याचं एक तरी मोहरं जिवंत ठेवायचं. आणि प्यादं ज्याच्या घरात पोचेल तेच ते व्हायचं. घोड्याच्या घरात घोडा. एका घोड्याला सांडू काय भिणार?

पोरानं प्यादं सरकवलं आणि त्या जागी वजीर ठेवला.

"घोडा," सांडू म्हणाला. "घोड्याच्या घरात घोडा व्हतो."

"बाळ, हवं ते मोहरं घेता येतं," पंच म्हणाले. "कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलंय. वाचला नव्हता का?"

सांडू आणि चाचा माझ्याकडं बघायला लागले.

"वाचला ना," मी म्हणालो. "पूर्ण वाचून दाखवला."

सांडूनं मान खाली घातली. वजिरानं राजाला शह देता देता हत्ती उचलला, आणि डाव गेला. चाचा पंचांपुढं हात जोडून उभे राहिले. "कसूर मेरा है साहब. बच्चे को मैंनेच पुराना सिखाया."

पट चुलीत घालायची वेळ दगडाबाईवर आली नाही. सांडूनंच घातला. करीमचा पट. चाचा दोन वर्षांनी गेले. सांडूनं जन्मभर गवंड्याच्या हाताखाली फरशा बसवल्या. काळी-पांढरी फरशी असली की मालकाला म्हणायचा, दुसरा माणूस बघा.

पासष्ट वर्षं मी हे पोटात ठेवलं. गेल्या महिन्यात त्याच्या पणतीचं बारसं होतं. लोकांनी आग्रह केला म्हणून म्हशीची गोष्ट सांगितली. मांडव हसून लोळला. सांडू तेवढा उठून मागं गोठ्याकडं गेला. मी काठी टेकत त्याच्यामागं गेलो आणि सांगून टाकलं: मागची बाजू मी वाचलीच नव्हती, सांडू. तू हसलास आणि मला भान राहिलं नाही.

तो गव्हाणीच्या कडेला टेकला. मग म्हणाला,

"मला सांगून आता काय उपेग, रामकिसना? चाचाला सांगायचं व्हतं. मरताना माझा हात धरून माफी मागत व्हते ते. अन् मी त्यांला म्हणत व्हतो, चाचा, तुमचा नाय, माझ्याच डोस्क्याचा दोष हाये, रामकिसननं तर समदं वाचलं व्हतं."