पाव्हण्याचं सोलर

आता आमच्या गावात कुणाला घरावर सोलर बसवायचं असलं की बाया आधी माझ्या ओट्यावर येऊन बसतात. "कुणाकडून घ्यावं गं?" प्लेटा किती, बॅटरी कुठली, मी काही विचारत नाही. मी म्हणते, जो बसवणार त्या माणसानं दोन-तीन वर्षांमागं जिथं बसवलंय त्या घरी जा. आणि घरातल्या बाईला विचार, बाप्याला विचारू नकोस. बाप्या म्हणतो, "चांगलं हाय की." त्याला काय, लाईट गेली की तो पारावर जाऊन बसतो. बाईला विचार, बंद पडल्यावर फोन उचलला का? आलेल्या माणसानं टेस्टर आधी काढला का चहा आधी मागितला? आणि सगळ्यात मोठं म्हणजे, तो तुझ्या नात्यातला आहे का? असला तर उठ, घरी जा आणि कंदील पुसून ठेव.

बाया हसतात. हसा बापड्या. मला हसू येत नाही, माझी म्हैस गेली त्यात.

आमचं गाव दिंद्रुडच्या अंगाला. त्या साली पावसानं अशी पाठ फिरवली की माजलगावच्या धरणात होतं नव्हतं ते पाणी पिण्यासाठी राखून ठेवलं. कालव्याचं नाव कुणी काढत नव्हतं. आमच्या दारात बोअर होतं, पण त्याचं दुखणं निराळं. मोटर थोडा वेळ चालली की पाणी संपायचं आणि नळीतून नुसती हवा फुसफुसायची. मग बंद करायची, खाली पाणी पाझरू द्यायचं, पुन्हा चालू करायची. असं दिवसभर थोडं थोडं ओढलं तर घराचंही भागायचं आणि म्हशीचंही. पण दिवसा लाईट कुठं होती? ती यायची तिच्या मनानं, अन् आली तरी बोअर एका दमात देऊन देऊन किती देणार? म्हणून सोलर बसवायचं ठरलं. घरात दिवे लागावेत, पंखा फिरावा, हे सगळं नंतर. आधी पाणी.

आणि म्हैस माझी होती. माझी म्हणजे माझीच. भावानं लग्नात वगार दिली होती आंदण म्हणून. तिला मी वाढवली, तिची दोन वेतं मी काढली. त्या घरात माझी म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट होती. दूध घालायचो गावच्या दूध संस्थेत. सभासद मात्र सासूबाई, कारण संस्था निघाली तेव्हा मी या घरात आले नव्हते. त्या साली चारा छावणी उघडणार, उघडणार म्हणून नुसता बोभाटा होता. उघडेपर्यंत म्हैस जगवायची ती त्या बोअरवरच.

माजलगावात एक दुकानदार होता. आमचे हे आणि मी दोघं जाऊन आलो. त्यानं सरळ सांगितलं, "बिघडलं तर या नंबरावर फोन करा, हा पोरगा येईल, आणि इतकी वर्षं खर्च आमचा." कागदावर लिहून देत होता. मला माणूस पटला. गोड बोलत नव्हता, म्हणून जास्तच पटला.

घरी आलो तर सासूबाईंनी कपाळाला आठी घातली. "परक्याला कावून द्यायचं? आपला पाव्हणा हाय की!"

पाव्हणा म्हणजे माझ्या नणंदेचा धाकटा दीर. वर्षभरापासून सोलरचं काम करत होता. मोटारसायकलवर मागं-पुढं सूर्याचं चित्र चिकटवलेलं. मी म्हणाले, "आत्याबाई, दुकानदार कागद देतोय लिहून."

"पाव्हण्याकडं कागद मागतीस?" सासूबाई कडाडल्या. "लेक दिलीय त्या घरात. काय तोंड दाखवू मी?"

झालं. आमच्याकडं लेकीच्या सासरचं कुत्रं दारात आलं तरी त्याला 'हाड' म्हणायची चोरी. काम पाव्हण्याला गेलं.

बसवायच्या दिवशी पाव्हण्याला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, टॉवेल-टोपीचा आहेर केला. काम करणाऱ्याला आहेर! आमच्यातच होतं असलं. भिंतीवर इन्व्हर्टर लावला, त्याला मी हळद-कुंकवाचं बोट लावलं. "नारळ कुठं फोडू?" यांनी विचारलं. पाव्हणा म्हणाला, "इथंच फोडा की, मशिनीम्होरं! शुभ असतंय." खाली दगड ठेवून यांनी नारळ फोडला. खोबऱ्याचा मोठा तुकडा पाव्हण्यानंच खाल्ला.

सोलर चाललं. खोटं कशाला बोलू, हिवाळाभर झकास चाललं. भाकरी थापता थापता उठायचं, बटन दाबायचं, हवा आली की बंद. हौदात पाणी, म्हैस तृप्त. मी पाव्हण्याला मनापासून दुवा दिली. आणि ऐन चैतात, ऊन तापायला लागलं तेव्हा इन्व्हर्टरवर लाल दिवा लागला आणि तो टीं टीं करायला लागला. मग तेही बंद झालं, आणि मोटरही.

फोन केला. "उद्या येतो." उद्याचा परवा झाला, परवाचा आठवडा. मी हातपंपावर रांगेत, टँकरमागं पळतेय, डोक्यावर हंडा, कडेवर कळशी. म्हैस दिवसाला किती पाणी पिते ते ज्यानं डोक्यावरून वाहिलंय त्यालाच माहीत. दूध निम्म्यावर आलं.

शेवटी पाव्हणा आला. सासूबाईंनी स्वतः बादली भरून अंगणात नेली. पाव्हण्याला पाय धुवायला पाणी द्यायचं असतं ना! टँकरचं पाणी होतं ते, सकाळी मी भांडून आणलेलं. पाव्हण्यानं पाय धुतले, हात धुतले, तोंड धुतलं, खळखळून चूळ भरली, आणि उरलेल्या पाण्यात रुमाल बुचकळून मानेवर ठेवला. दाव्याला बांधलेली म्हैस पाण्याच्या आवाजाकडं मान ताणून बघत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, ते हेच!

मग जेवण. सासूबाईंनी शिरा केला. जेवून ढेकर देऊन पाव्हणा इन्व्हर्टरसमोर उभा राहिला, त्याच्यावर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "वहिनी, पार्ट मागवावा लागंल." झाकणसुद्धा उघडलं नाही हो मेल्यानं.

पार्ट काही आला नाही. पाव्हणा मात्र पुन्हा आला, कारण त्याचं शेजारच्या गावात काम होतं. पुन्हा बादली, पुन्हा रुमाल. या वेळी मी दारात आडवी उभी राहिले. "पाव्हणं, आधी मशिनीचं बघा. जेवण कुठं जात न्हाई."

त्यानं झाकण उघडलं, आत डोकावला आणि मान हलवली. "वहिनी, तुमी नारळ फोडलाता न्हवं हितं? त्याचं पाणी उडालंय आत. कुंकूबी गेलंय. असल्याला वॉरंटी बसत न्हाई बघा."

मी म्हणाले, "तुमीच म्हणलं ना हितं फोडा म्हणून? खोबरं कुणी खाल्लं?"

"मी आपलं रीत म्हणून म्हणलो. मशीन तुमची, काळजी तुमी घ्यायची."

मी तोंड उघडलं तसा सासूबाईंनी मागून माझा पदर ओढला. रात्री त्या मला म्हणाल्या, "बाई, तुझं खरं हाय. पण माझ्या लेकीला तिथं नांदायचंय. तू हितं दोन शब्द बोलशील, तिला तिथं दोन वर्षं ऐकावं लागंल." तोंड दाबून बुक्क्यांचा मार. माजलगावच्या दुकानदाराला बोलावलं, तर तो म्हणाला, "दुसऱ्यानं बसवलेल्याला मी हात लावत न्हाई, उद्या माझ्यावर येतंय." त्याचंही बरोबरच.

मग एका सकाळी म्हैस उठेना. पोटात पाणी नाही, चारा कोरडा. दोघांनी शेपटी धरून उठवली. यांनी माझ्याकडं बघितलं नाही, नुसतं म्हणाले, "हितं मरण्यापरीस दुसरीकडं जगंल." व्यापारी दारातूनच घेऊन गेला. ती वळून वळून हंबरत होती की काय ते मी सांगणार नाही. मी घरात होते, कानात पदराचे बोळे घालून. दोन दिवसांनी छावणी उघडली. बघा आता!

म्हैस विकल्याचं कळलं तसा नणंदेचा फोन आला. "वैनी, इतकी गुणाची म्हैस कावून विकली?"

मी नाही नाही म्हणत सगळं ओकले. लाल दिवा, पार्ट, नारळ, सगळं. मला वाटलं, आता ही चिडणार. तर ती रडायला लागली. "वैनी, अगं आमच्या घरचंच सोलर संक्रांतीपासनं बंद हाय! त्याच्या सख्ख्या भावाचं घर ना हे? तरी बघत न्हाई. मला वाटलं, माहेरी कशाला सांगायचं, सासरची अब्रू जाईल. आन आमी तर नारळबी फोडला न्हवता गं."

म्हणजे तिनं आमच्यासाठी तोंड शिवून घेतलं आणि आम्ही तिच्यासाठी. आणि मधल्या मधे तो दोन्हीकडं पाय धूत फिरत होता. मी फोन सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी सगळं ऐकलं. "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्याच सुमाराला दूध संस्थेची सभा लागली. सभासद म्हणून सासूबाई गेल्या, सोबत आम्ही दोघंही. संस्थेत दूध थंड करायची टाकी होती आणि लाईटीपायी दूध नासायचं, म्हणून संस्थेवर सोलर बसवायचं निघालं होतं. काम मागायला कोण आलं असेल? आमचा पाव्हणा! धुतलेला पांढरा शर्ट, हातात पेढ्याचा पुडा. आदल्या दिवशी आमच्या घरी येऊन यांना सांगून गेला होता, "दादा, सभेत दोन शब्द चांगले बोला. आपलेच हाव आपण."

गावाच्या राहिलेल्या म्हशींचं दूध त्या टाकीत जायचं. तेही या माणसाच्या हवाली करायचं?

चेअरमननं विचारलं, "यांच्या घरी बसवलेलं हाय पाव्हण्यानं. कसं चालतंय, सांगा बरं." हे उठले, घसा खाकरला, पाव्हण्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तसं बरं हाय." आणि बसले! बरं हाय! दावणीला नुसता खुंटा उरला होता आणि यांचं बरं हाय!

मी उभी राहिले. "मला बोलायचंय."

सचिव कागदातून मान वर न काढता म्हणाला, "तुमी सभासद न्हाईत, वहिनी. सासूबाई हायेत. त्यातून तुमचं दूधबी बंद हाय."

"दूध कावून बंद हाय, तेच सांगायला उठले."

"नियमात बसत न्हाई. खाली बसा."

मागून कुणीतरी हसलं. हेही सभासद नव्हते, पण ते बोलले तेव्हा नियम कुणाला आठवला नाही. कष्ट माझे, म्हैस माझी, शेण माझ्या हाताला, आणि बोलायचा हक्क मात्र नियमात बसत नाही! डोळ्यांत पाणी आलं माझ्या, रागाचं. बसते न बसते तोच शेजारून सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. आयुष्यात कधी सभेत तोंड उघडलं नव्हतं त्यांनी. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मी हाय ना सभासद? मग मी बोलते."

सचिवाला खाली बसा म्हणायची हिंमत झाली नाही.

"आमचं सोलर चैतापासनं बंद हाय. माझ्या लेकीच्या घरचं संक्रांतीपासनं बंद हाय, आन ते तर ह्याचंच घर हाय. ज्यानं भावाच्या घरचा दिवा बघितला न्हाई, तो तुमची टाकी काय बघणार?" मग त्या पाव्हण्याकडं वळल्या. आवाज चढवला नाही. "पाव्हणं, तुमी आमच्या दारात दोनदा पाय धुतले. मीच बादली भरून दिली तुमाला. ते पाणी म्हशीचं होतं."

पाव्हणा पेढ्याच्या पुड्याची दोरी सोडत होता, तो हात तिथंच राहिला. सभेत त्याचं नाव पुन्हा निघालं नाही. पुढं काम दुसऱ्याला गेलं, आणि ते देण्याआधी संस्थेनं त्या दुसऱ्यानं बसवलेल्या घरांमधल्या बायांना विचारायला आम्हा दोघी सासू-सुनांना धाडलं.

त्या दिवशी सभा सुटल्यावर मला वाटलं, सासूबाई आता माझ्याशी म्हशीबद्दल काहीतरी बोलतील. त्या झपझप चालत होत्या, गुडघे दुखत असताना. माझा हात त्यांनी घट्ट धरला होता.

"लेकीला फोन लाव आधी," त्या म्हणाल्या. "तो घरी पोचायच्या आत."