बेळगाव ते कोल्हापूर, वीस मिनिटं

मंडळी, मुलगा आज बेळगावहून कोल्हापूरला गाडीनं यायचाय. दुपारी त्याचा "निघालो" असा मेसेज आला. नात मोबाईलवर बघून म्हणाली, "आजोबा, दोन्हीकडं विमानतळ हाय. विमान असतं तर वीस मिनिटंच." मी उगाच तिच्यावर खेकसलो.

ऐंशी सालाच्या आसपास मी कोल्हापूरबाहेर एका कारखानदाराच्या खासगी धावपट्टीवर कारकून होतो. पट्टीला कुंपण नव्हतं, गावची म्हसरं तिथंच चरायची. मालकाचं छोटं विमान बेळगावहून सुटलं की तिकडचा माणूस ट्रंक कॉल करायचा. मग राखणदार बाबू म्हसरं हाकलायचा.

त्या दिवशी ढग खाली आले होते. फोन आला, "सुटलं." मी बाबूला हाक मारली.

"चहा पिऊन जातो की सायेब. वीस मिनिटं हाईत."

मलाही पटलं. त्याचा कप अर्धा व्हायच्या आत ढगात घरघर सुरू झाली. कॉल लागायलाच पंधरा मिनिटं गेली होती, आणि मी मोजत होतो फोन वाजल्यापासून.

बाबू काठी घेऊन पळाला. विमान ढगातून खाली आलं तेव्हा पट्टीच्या मधोमध म्हशी होत्या. वैमानिकानं कसंबसं नाक उचललं आणि आवाज परत ढगात गेला. दुसऱ्या फेरीला उतरले सगळे. बाबूनं मात्र चहा कायमचा सोडला.

रस्ता दोन-अडीच तासांचा, आता सात वाजलेत. मुलाचा फोन लागत नाही. निपाणीकडच्या रस्त्यावर कुणी आहे का?