आबासाहेबांच्या तिरडीवरचा हार

जामखेडच्या वाटेवरच्या एका बाजाराच्या गावात गोजरबाई माळीण फुलं विकायची. नवरा लवकर गेला, पदरात दोन पोरी. त्यात दुष्काळ पडला. तेव्हा गावचे पुढारी आबासाहेब मामलेदाराच्या कचेरीपुढं तीन दिवस उपाशी बसले आणि खडी फोडायचं काम सुरू करवून घेतलं. त्या कामावर गोजरबाईनं पोरी जगवल्या. देवाच्या जोडीनं ती आबासाहेबांचं नाव घ्यायची.

मोहरमच्या सवारीला, म्हणजे मिरवणुकीतल्या पंजाला, चढवायचा फुलांचा सेहरा तिच्याच घरचा. सासूच्या आधीपासूनचा मान. शेजारची चाँदबी कासारीण शेवंती निवडायला येऊन बसायची. दोघींच्या गप्पांत सेहरा कधी पुरा व्हायचा, कळायचं नाही.

सेहेचाळीस साली, लांबून दंग्यांच्या बातम्या येत असताना, मोहरमच्या तोंडावर आबासाहेबांनी पारावर सभा घेतली. म्हणाले, "हिंदूच्या घरातलं एक फूलसुद्धा सवारीला जाता कामा नये." गोजरबाईला पटलं नाही, पण त्यांचा शब्द मोडवेना. सवारी दारापुढं येऊन थांबली, ताशा वाजत राहिला. तिनं कडी काढली नाही. मिरवणूक तशीच पुढं गेली आणि वेशीपाशी दगड आले. त्यात चाँदबीचा नवरा रज्जाक गेला. दगड कुणाचा, ते ठरलंच नाही.

पुढच्या श्रावणात आबासाहेब वारले. तिरडीचा हार गोजरबाईनं केला. हात धुताना बघितलं, तर चाँदबी दारात उभी.

"त्यांचा हार तू केला?"

"व्हय. पोरी जगल्या त्यांच्यामुळं."

"माझं मानूस गेलं त्यांच्यामुळं."

"ते बी खरंच हाय," गोजरबाई म्हणाली.

चाँदबी म्हणाली, "त्या दिवशी तू दार उघडशील, असं वाटलं हुतं मला."

महिन्याभरात चाँदबी घर विकून नगरला भावाकडं गेली. जाताना भेटली नाही.

वर्षश्राद्धाला शाळेला आबासाहेबांचं नाव दिलं. दुष्काळाची आठवण सांगायला गोजरबाईला उभं केलं. तिनं खडीचं काम सांगितलं, पोरींचं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर ती म्हणाली, "आन् त्यांच्याच बोलन्यानं रज्जाकभाई गेला. मी बी दार लावून बसले हुते."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारीला खाली बसवा." आबासाहेबांचे पुतणे हळूच म्हणाले, "मावशी, बसा आता."

ती बसली. त्या दिवसापासून सभेतली निम्मी घरं तिच्याकडून फुलं घेईनाशी झाली. मुसलमान आळीतून तर आधीच कुणी येत नव्हतं. तरी ती सकाळी पाटी घेऊन बाजारात बसायची आणि दुपारी उरलेली फुलं ओढ्यात सोडून घरी यायची.