बोल्टांची हजेरी

दारव्ह्याला जाताना माझी गाडी गरम होऊन बंद पडली. जवळच्याच गॅरेजात चाळिशीचे एक गृहस्थ होते. इस्त्रीचा शर्ट, त्यावर ग्रीसचे डाग.

"गणिताचा मास्तर होतो, काकू. नोकरी सोडून हे शिकलो. एकट्यानं खोलून राह्यलो ती ही पहिलीच गाडी."

मी स्टूल ओढून त्यांच्या अगदी शेजारी बसले.

काढलेला प्रत्येक बोल्ट ते फरशीवर ओळीनं मांडत आणि खडूनं खाली नंबर टाकत. परीक्षा घ्यावी म्हणून मी सातवा बोल्ट गुपचूप मुठीत लपवला. जोडणीआधी मास्तरांनी हजेरी घेतली.

"सात नंबर गैरहजर. काकू, मूठ उघडा."

मी उघडली.

"शाळा कायले सोडली?" मी विचारलं.

"शाळंत मायी चूक दहा वर्सांनी समजे. इथं चाबी फिरवली का समजते."

त्यांच्या वयात मीही कचेरीला कंटाळून तीनदा राजीनामा लिहिला होता. तिन्ही वेळा अक्षर चांगलं आलं नाही म्हणून फाडला. माझा हा पराक्रम नातवंडांना अजून ठाऊक नाही.

मास्तरांनी चावी माझ्या हातात दिली आणि डोळे मिटले. मी फिरवली. गाडी सुरू झाली.

डोळे न उघडताच ते म्हणाले, "बंद करा काकू, अन् अजून एकदा फिरवा."