गडग्यापलीकडची अंडी

१४ एप्रिल. दुपारी दीड वाजता गिनी कोंबड्यांची अंडी काढायला डवली घेऊन काजूच्या बागेत गेले, तर खळगा रिकामा.

गिनी खुराड्यात अंडी घालत नाहीत. सगळ्या माद्या मिळून पाचोळ्यात एकच खळगा करतात. त्यात हात घालायचा नाही. लांब दांड्याच्या डवलीने अंडी उचलायची आणि पाच-सहा तिथेच ठेवायची. खळगा रिकामा दिसला की त्या जागा सोडतात, आणि नवी जागा शोधण्यात आपला महिना जातो.

यंदा मला महिना परवडणारा नव्हता. कोल्ह्याने चार पक्षी नेले. उरल्या तीन माद्या आणि एक नर. गिनी स्वतः पिल्लं धड सांभाळत नाही, म्हणून अंडी गावठी कोंबडीखाली ठेवावी लागतात. ती आदल्याच दिवशी खुडूक बसली होती. गिनीची कोवळी पिल्लं ओल्या गवतात पटापट मरतात. जूनच्या आत ती अंगात भरायची, तर अंडी त्याच आठवड्यात ठेवायला हवी होती. खळग्यात बारा जमली होती.

खळगा गडग्यापलीकडे, चुलत दिरांच्या हद्दीत चार पावलांवर होता. चिऱ्यांचा गडगा गुडघ्याएवढा. ओलांडून थेट त्यांच्या अंगणात गेले. मोठ्या जाऊबाई काजूबिया वाळत घालत होत्या. अंडी पाहिलीत का विचारलं, तर जराही ओशाळल्या नाहीत. सकाळी पाचोळा ओढताना मिळाली, सगळी उचलली, निम्म्यांचं खोबऱ्याचं वाटप घालून सांबारं केलं, उरलेली कट्टा गावी आपल्या माहेरी धाडली. वर तक्रार, की कवच इतकं टणक, वरवंटा घ्यावा लागला.

"आंबो गडग्याच्या हकडे पडलो तर कोणाचो? आमचो," त्या म्हणाल्या. "मगे अंड्याक येगळो कायदो खंयसून इलो?"

हा कायदा मीही पाळते. आमच्या हापूसची एक फांदी त्यांच्याकडे झुकलेली आहे. तिचा पडलेला एकही आंबा मी आजवर मागितलेला नाही.

"आंबो आपसूक पडता, वयनी. अंडा कोंबडी जागा बघून घालता."

"तुज्या कोंबडेक सातबारो वाचूक येणा नाय, तो माजो दोष काय गो?"

पडवीत पेपर वाचणारे दीर पेपरामागे हसले. माझं डोकं फिरलं ते तिथे. खाल्ल्याचं मला काही नव्हतं. मागितली असती तर पाच-सहा मीच डवलीने काढून दिली असती. पण त्यांच्या परसात साप निघतो तेव्हा ह्याच गिनी गोळा होऊन त्याला हाकलतात, आणि तेव्हा त्या कोणाच्या हे कोणी विचारत नाही. खळगा मोडला म्हणजे काय झालं हे मी दोनदा समजावून सांगितलं. जाऊबाई बिया पसरत राहिल्या. मग मी निघून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिनींना खुराड्याबाहेर सोडलंच नाही. कोपऱ्यात जाड पेंढा पसरला, त्यात फसवायला गावठीची दोन अंडी ठेवली. दाणे आणि पाणी आत सरकवलं आणि दुपारपर्यंत, म्हणजे त्यांची अंडी घालायची वेळ टळेपर्यंत, दार सुंभाने बांधून टाकलं. चौघांनी असा कल्ला केला की गडग्यापलीकडून काय झालं म्हणून हाक आली. मी विळी घेऊन बांगडे साफ करायला बसले.